हुमाचं सोवळं

प्रवासाहून परतलं की लोक विचारतात, काय काय पाहिलंत? आमच्या शेजारच्या लीलावहिनी मध्यंतरी काशीला जाऊन आल्या. त्यांच्यापाशी सांगायला घाट होते, गर्दी होती, हरवलेली चप्पल होती. मी नगर जिल्ह्यातून परतले तेव्हा दोनदा न्हाऊनही केसांतून मुरूम निघत होता, डावा गुडघा सुजून टम्म झाला होता, आणि पाहिलं काय, तर एक अंडं. लीलावहिनींना मी तेवढंच सांगितलं. बाकीचं इथे लिहिते आहे, कारण लिहून टाकल्याशिवाय ते डोक्यातून जायचं नाही.

आधी हे स्पष्ट करते की हौस माझी नाही. हौस यांची. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून यांनी पक्ष्यांचा नाद धरला, आणि त्यातही माळढोकाचा. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: लहान पोराएवढा उंच, मान पांढरी, डोक्यावर काळी टोपी, आणि माळावरून चालतो असा की सातबारा त्याच्याच नावावर आहे. मादी एका खेपेला एकच अंडं घालते, तेही घरटंबिरटं न करता उघड्या जमिनीवर. पूर्वी नगर-सोलापूरकडे हे पक्षी थव्याने दिसायचे म्हणतात. मग जीपगाड्या आल्या, बंदुका आल्या, माळ नांगराखाली गेले, आणि आता एखादा दिसला तरी हे महिनाभर त्याचीच गोष्ट सांगतात. त्या एकुलत्या अंड्यातून पिल्लू निघालेलं एकदा डोळ्यांनी पाहायचं, एवढी एकच इच्छा धरून हे चार-पाच उन्हाळे भटकले आणि हात हलवत परत आले. यंदा डॉक्टरांनी छाती तपासली आणि बजावलं, एकट्याने जायचं नाही. म्हणजे पिशवी मी उचलायची.

तिसगाव

बहात्तरचा पाऊस गेला तो गेलाच. आम्ही निघालो तो पुढचा वैशाख. एस.टी.च्या खिडकीतून मी हिरवं काही दिसतंय का बघत होते आणि मग बघणं सोडून दिलं. तिसगावात यांच्या ओळखीचे एक मास्तर होते. ते सुट्टीला सासुरवाडीला गेले होते, पण खोलीची किल्ली शेजारी ठेवून गेले होते. खोलीत एक बाज, एक स्टोव्ह आणि अर्धा रांजण पाणी. त्या गावात टँकर कधी येतो ते कोणालाच माहीत नव्हतं. तेव्हा तो अर्धा रांजण ही मास्तरांची इस्टेटच म्हणायची. पुण्यात नळ जरा बारीक झाला की मी कॉर्पोरेशनच्या नावाने खडे फोडते. इथे तांब्याभर पाण्यात तोंड धुऊन तेच पाणी भांड्यांना वापरायला मी एका दिवसात शिकले.

पहिले दोन दिवस हे मला डोंगराच्या कडेने फिरवत होते. तिथलं रान पानझडीचं, उन्हाळ्यात बोडकं होणारच. पण हे बोडकेपण वेगळं होतं. धावड्याच्या फांद्या चाऱ्यासाठी खोडापर्यंत छाटलेल्या, सालईच्या साली सोललेल्या, बोरी-बाभळींना पाला नाही. गिधाडं तेवढी अंगाने भरलेली. ओढ्यात एक बैल पडला होता आणि ती त्याच्याभोवती गावजेवणाला बसावीत तशी बसली होती. मी पदर नाकाला लावला. हे म्हणाले, "बघ, त्यांचं तरी बरं चाललंय." यांच्या असल्या बोलण्याचा मला फार राग येतो, आणि राग करायलाही त्या उन्हात त्राण नव्हतं.

माळावरचं काम

तिसऱ्या दिवशी आम्ही डोंगर सोडून खालच्या माळावर आलो. माळ कसला, बाजारच भरला होता. पाझर तलावाचं दुष्काळी काम चाललं होतं. पुरुष टिकावाने मुरूम उकरत होते, बाया पाट्या भरून भरावावर नेऊन टाकत होत्या. रांगच्या रांग वर जाणारी आणि रांगच्या रांग खाली येणारी. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. पाटी रिकामी झाली की ती झटकायची पद्धतसुद्धा सगळ्यांची एकसारखी.

यांचा चेहरा पडला. "संपलं," म्हणाले. "एवढ्या माणसांत तो कशाला राहतोय?"

मी एका बाभळीच्या खोडाशी बसले. सावली अशी नव्हतीच, पण टेकायला खोड होतं. तेवढ्यात एक बाई पाटी खाली ठेवून माझ्यापाशी आली. उंच, वाळलेली, कपाळाला मोठं कुंकू. एका टोळीची ती म्होरकी होती; नाव गयाबाई. दोघे मुलगे ऊसतोडीहून नुकतेच परतले होते आणि आता सगळं घर या कामावर होतं. तिने माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, मग यांच्या गळ्यातल्या दुर्बिणीकडे.

"पाव्हनं काय हुडकत्यात?"

"पक्षी," मी म्हटलं. "माळढोक. मोठा असतो, उंच..."

"हूम म्हना की! त्याचं अंडं हाय की हितं."

हे असे उठले की मला त्यांच्या छातीची आठवण झाली.

गयाबाईच्या टोळीला नेमून दिलेला खड्डा माळाच्या टोकाला होता आणि त्यात दोन हात मुरूमसुद्धा अजून निघाला नव्हता. त्याच्याच आखणीत, जरा पलीकडे, कुसळी गवताच्या दोन बुडख्यांमध्ये एक टोपलं पालथं घातलेलं होतं. गयाबाईने ते अलगद उचललं. आत अंडं. कोंबडीच्या अंड्यापेक्षा बरंच मोठं, मातकट हिरवं, तपकिरी डागांचं. शेजारी धोंडा असता तर मला वेगळं ओळखू आलं नसतं.

"काल सकाळी पाटी ठिवायला गेले तर पायातनं भर्रदिशी उठली. लई मोटं पाखरू. मग म्या टोपलं घातलं. कावळं हायेत, कुत्री हायेत."

"अहो, पण ती बसणार कशी आता? टोपल्यावर?" हे म्हणाले.

गयाबाई टोपल्याकडे बघत राहिली, मग पदर तोंडाला लावून हसली. "खरंच की वं. म्या मानसाच्या लेकरावानी झाकलं."

मी म्हटलं, दुष्काळात एवढं मोठं अंडं कोणी शिजवलं नाही कसं? ती लगेच गंभीर झाली. बाभळीच्या पलीकडे एक पोरसवदा बाई हातात तांब्या घेऊन बसली होती, पोट चांगलंच दिसत होतं. ती तिची सून, मंदा. पहिलटकरीण. आठवा लागेपर्यंत पाट्या उचलत होती, आता टोळीला पाणी पाजायचं काम तिच्याकडे दिलं होतं.

"खायला न्हाई, प्यायला न्हाई, आन् तरी कुनीतरी अंडं घातलंय," गयाबाई म्हणाली. "ते कसं खावं वं बाई?"

मुकादम म्हणून जे गृहस्थ होते ते वाईट नव्हते, पण त्यांच्या डोक्याला शंभर व्याप. आखलेला खड्डा सोडून दुसरीकडे खणता येणार नाही, म्हणाले. यांनी हात जोडले, शिकारबंदीचा कायदा लागू होऊ घातलाय ते सांगितलं, हा पक्षी देशात किती थोडा उरलाय ते सांगितलं. मुकादम म्हणाले, "साहेब, मान्सं बी मोजकीच उरल्यात."

तोड गयाबाईनेच काढली. मुरूम किती खोल काढला हे तपासणाऱ्या साहेबाला कळावं म्हणून प्रत्येक खड्ड्यात मूळ जमिनीचा एक खुंट न खोदता सोडतात. मोजून झालं की तोही खणून टाकायचा. ती म्हणाली, "आमचा खुंट हितंच सोडतो. जरा मोटा सोडतो. पलीकडच्या टोकापून खनत येतो, तवर फुटंल त्ये." मुकादमांनी खुंट केवढा म्हणून विचारलं. तिने हाताने दाखवला तो खळ्याएवढा. मुकादम हसले आणि हो म्हणाले.

संध्याकाळी काम सुटल्यावर आम्ही लांब ओढ्याच्या काठाआड बसलो. उन्हं कलली. हे एकदम माझा दंड दाबायला लागले. ती आली होती. मान ताठ, एक एक पाऊल मोजून टाकत, मध्येच थांबत. अंड्यापाशी आली, मान वाकवून पाहिलं, आणि पिसं फुलवून बसली. बसली की नाहीशीच झाली, नुसता माळ. यांनी दुर्बीण माझ्याकडे दिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यांचा एवढा आनंदी चेहरा मी मुलांच्या वेळीही पाहिला नव्हता. सांगायला लाज कशाला, मला जरा हेवाच वाटला.

खाटेवरचे दिवस

दुसऱ्याच दिवशी यांना ऊन बाधलं. ओकाऱ्या, ताप, डोळे लाल. मास्तरांच्या बाजेवर हे आडवे आणि मी ओल्या फडक्याने कपाळ पुसतेय. शेजारच्या घरातून हुलग्याचं माडगं यायचं, मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीची, लाल भाकरी यायची. ती भाकरी गरम असेतो भाकरी, गार झाली की खापर. मी ती माडग्यात बुडवून खाल्ली आणि पुण्याच्या आमटीभाताची आठवण मनातून हाकलली. हे तापात एकच विचारत होते, "बसली असेल ना?" मी म्हणत होते, "बसली असेल. तुम्ही पडा." खरं तर मला फक्त घरी जायचं होतं. मला त्या पक्ष्याचा, त्या माळाचा, यांच्या हट्टाचा, सगळ्याचा कंटाळा आला होता.

यांना पाय टेकता आले तसे आम्ही एका टेम्पोतून पुन्हा माळावर गेलो. लांबूनच मला काहीतरी हिरवं फडफडताना दिसलं.

खड्डा आता चांगला खोल झाला होता आणि मधोमध तो खळ्याएवढा खुंट उभा होता. त्याच्या कडा शेणाने सारवल्या होत्या. अंड्याभोवती पांढऱ्या धोंड्यांचं रिंगण, रिंगणाबाहेर रांगोळी. चार काठ्या रोवून वर हिरवा खण ताणला होता. हळदकुंकू, खोबऱ्याच्या वाट्या, एक विझलेली पणती. त्या रखरखाटात मूठभर फुलं कोणी कुठून आणली होती देव जाणे. आम्ही उभे होतो तेवढ्यात परगावच्या दोन बाया खड्ड्यातून चढून आल्या, नमस्कार केला आणि गेल्या.

गयाबाईचा चेहरा उजळला. "आलं का पाव्हनं! बगा, येक मुंगी लागू दिली न्हाई."

झालं होतं असं. पलीकडच्या टोळीतले दोघे-चौघे अंड्यावर टपले होते. दिवसा गयाबाई लक्ष ठेवायची, पण काम करणाऱ्या बाईने राखण किती करावी? तेव्हा तिने त्याला हळदकुंकू वाहिलं. "देवाला राखन लागत न्हाई," ती म्हणाली. आणि खरोखरच त्यानंतर कोणाची छाती झाली नाही. उलट त्या टपलेल्यांतल्याच एकाने खणाच्या काठ्या आणून रोवल्या.

"आणि ती? पक्षीण? ती येते का?" मी विचारलं.

"येती की. सांजच्याला लांब हुबी ऱ्हाती. बगती. तिला बी लई कवतिक हाय."

हे खाली बसले आणि अंड्याला बोटं लावली. उघड्या माळावरच्या वैशाखात कापडाची सावली ती कसली. अंडं तव्यासारखं तापलं होतं, यांनी हात लगेच मागे घेतला. मी यांच्याकडे पाहिलं आणि मला कळलं. रागवायलासुद्धा कोणी नव्हतं. त्या बायांनी जेवढं माणसाला करता येतं तेवढं सगळं केलं होतं, आणि त्यानेच ते गेलं होतं.

यांनी तरी खण उतरवायला लावला, धोंडे बाजूला केले. संध्याकाळी आम्ही ओढ्याकाठी बसलो. ती आली. लांबवर उभी राहिली, सारवलेल्या खुंटाकडे बघत. मग तळाच्या वाडीतून कोणी दिवा घेऊन आलं आणि ती पाठ फिरवून चालती झाली.

"मी गयाबाईला सगळं सांगणार," हे म्हणाले. "नाही सांगितलं तर पुढच्या अंड्याचंही हेच होईल."

"सांगा. पण अंडं मेलं असं सांगू नका."

"का?"

का, ते मी दुपारी ऐकलं होतं. बायका कामावर मिळणारी सुकडी खायला बसल्या तेव्हा गयाबाई माझ्या शेजारी बसली होती. हलक्या आवाजात म्हणाली, "म्या बोलून ठिवलंय बाई. ह्ये सुखानं फुटलं तर माज्या मंदीचं बी सुखानं हुईल." मंदा समोरच होती. ती सुकडीचा बकाणा तोंडात धरून नुसती माझ्याकडे पाहत होती, मी काय म्हणते म्हणून.

यांनी दुर्बीण पिशवीत ठेवली. मग म्हणाले, "मला खोटं बोलता येत नाही गं." ते मला ठाऊक आहे. त्यापायी पोस्टात यांची बढती दोनदा हुकली.

सोवळं

अंधारताना आम्ही निघालो तेव्हा गयाबाई आमच्याबरोबर सडकेपर्यंत चालत आली. विचारायचं ते तिने विचारलंच. "पाव्हनं, फुटंल ना वं?"

हे थांबले.

"या पक्ष्याचं पिल्लू कोंबडीसारखं असतं," हे म्हणाले. "अंड्यातून निघालं की थोड्या वेळात चालायला लागतं. आईमागोमाग निघून जातं. मागे काही राहत नाही."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. मग हे म्हणाले, "पण गयाबाई, एक ऐका. या पाखराला माणूस जवळ आलेलं खपत नाही. हळद नको, दिवा नको, नमस्कारसुद्धा नको. पुढे कधी अंडं दिसलं तर तिथे कोणी फिरकायचंच नाही. लांबून राखायचं."

गयाबाई विचारात पडली. पूजा नाही आणि देव आहे, हे तिच्या डोक्यात बसेना. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "मंजी बाई, तुमच्यात आस्तं तसं? सोवळं?"

आमच्या घरात सोवळं यांनीच मोडलं. सासूबाईंच्या मागे यांनी सोवळ्याची वळणी स्वतःच्या हाताने काढून फेकली. शिवू नको, जवळ येऊ नको, हा माणसाने माणसाला करायचा प्रकारच नव्हे, म्हणून भावांशी भांडले. मी ती भांडणं ऐकलेली आहेत. तेच हे, भर सडकेवर उभे राहून म्हणाले, "हो. सोवळंच. अगदी कडक."

"मग तसं सांगा की आदी!" गयाबाई म्हणाली. "येवडं मोटं सोवळ्याचं पाखरू, आन् आमी शेनानं सारवत बसलो."

दुसऱ्या सकाळी आम्हाला परतायचं होतं. पाथर्डीकडून येणारी गाडी माळाच्या कडेनेच जाते, म्हणून पिशव्या घेऊन आम्ही तिथे जाऊन उभे राहिलो. काम सुरू झालं नव्हतं. टोळीच्या साऱ्या बाया सडकेलगत ओळीने उभ्या होत्या, कोणीही खड्ड्याकडे पाऊल टाकत नव्हती. पलीकडच्या टोळीलाही थोपवून धरलेलं. गयाबाईच्या हातात नारळ. मंदा पालथ्या टोपल्यावर बसलेली.

"कुनी गेलं न्हाई," गयाबाई म्हणाली. "सोवळं हाय. हितनं अंडं दिसंना झालंय. तुमीच जाऊन बगा."

हे एकटे गेले. खड्ड्यात उतरले, खुंटावर चढले. उभे राहिले. मग पायाने माती सारखी केल्यासारखं केलं, आणि वाकून काहीतरी उचललं. आमच्याकडे पाठ होती. एवढ्या बाया, पण कोणाच्या बांगडीचा आवाज नव्हता. मंदाने दोन्ही हात पोटावर ठेवले होते.

हे परत आले. चेहरा मला वाचता आला, गयाबाईला येणार नव्हता.

"गेलं," हे म्हणाले. "पिल्लू गेलं. चालत."

एकदम गलका झाला. कोणी हसलं, कोणी मोहटादेवीचं नाव घेतलं. गयाबाईने तिथेच धोंड्यावर नारळ फोडला. तिने पहिला गुळाचा खडा मंदाला दिला, दुसरा यांना. यांनी तो तोंडात टाकला आणि म्हणाले, "गोड आहे." गयाबाई म्हणाली, आता ह्या माळावर हुमाला कोणी धोंडा मारून दाखवावा, जीपवाला येऊ दे न्हाईतर त्याचा बाप. मुकादमांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि तो खुंट शेवटपर्यंत तसाच ठेवू म्हणाले.

गाडीत बसल्यावर यांनी मूठ उघडली. टरफलाचे तुकडे, आतून पिवळं वाळलेलं. मुंगसाचं काम, म्हणाले. पावलं उमटली होती, ती पायाने पुसली. मग खिडकीकडे तोंड करून हे रडले, अगदी मुकाट. मी पिशवीतून रुमाल काढून दिला, आणि माझ्या लक्षात आलं की गेले कित्येक दिवस मला यांचा जो कंटाळा आला होता, तो आता कुठे सापडत नाही.

काल लीलावहिनी पुन्हा आल्या. चहा घेता घेता म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही अंड्याचं अर्धवटच सांगितलंत. पुढे काय झालं? पिल्लू निघालं का?"

हे पलीकडे पेपर वाचत होते. पेपर हलायचा थांबला.

"निघालं की," मी म्हटलं. "चालत गेलं."